नाझरसाहेबांचा पंचनामा

वैशाखातील भर दुपारी, पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळत असताना, तिरोड्याकडे निघालेली एखादी जुनी ऑम्नी व्हॅन कुडव्याच्या नाक्यावर वाफ सोडीत थांबली, की भाताच्या गिरणीतून सुटलेले हमाल, पानठेल्यावरची मंडळी आणि सुट्टीमुळे निरुद्योगी झालेली मुले यांच्या घोळक्यातून वाट काढीत, एका हाती छत्री व खिशात डायरी अशा सरंजामानिशी जे गृहस्थ पुढे येतात, त्यांना सारा गाव नाझरसाहेब म्हणतो. अशी विभूती प्रत्येक नाक्यावर असतेच. कुठे ती निवृत्त गुरुजींच्या रूपाने अवतरते, कुठे माजी सरपंचांच्या. आमची विभूती दिवाणी न्यायालयातून सेवानिवृत्त झालेली आहे, आणि हुकूमनाम्यान्वये जप्त झालेल्या वाहनांचे पंचनामे लिहिता लिहिता यंत्रशास्त्र तिला आपसूक अवगत झाले, असा तिचा दावा आहे. तो खोटा नव्हे. फक्त त्या सर्व गाड्या उभ्या होत्या, चालती गाडी त्या दफ्तरात कधी रुजू झालीच नाही.

ऑम्नी हे वाहन मुळातच अशा तपासनिसाच्या सोयीसाठी निर्माण झाले असावे. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली, १९८८ मध्ये ऑम्नी हे नामाभिधान पावलेली आणि २०१९ साली उत्पादन थांबेपर्यंत लग्नाच्या वऱ्हाडापासून रुग्णापर्यंत सर्वांस वाहून नेणारी ही गाडी आपले ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली दडवून ठेवते, आणि रेडिएटर मात्र नाकाशी. त्यामुळे पाण्याच्या पाइपांना लांबचा प्रवास घडतो व दुरुस्तीनंतर त्यात हवा अडकून राहिली, तर नवे पाणी घालूनही काटा लालच दाखवतो. इंजिन पाहायचे तर आसन उचलावे लागते, आसन उचलायचे तर त्यावरील माणूस उठवावा लागतो; आणि कुटुंबकबिला, आंब्याची पेटी, पाण्याची कॅन असा सर्व मुद्देमाल रस्त्याच्या कडेला काढण्याचा हुकूम देताना नाझरसाहेबांच्या मुद्रेवर जप्तीच्या दिवसांचे तेज परत येते.

"गाडी लय तापून राहिली जी, अन् चढावर ओढूनही नाही राहिली," चालक म्हणतो.

"एका वेळी एकच फिर्याद सांगा."

त्यांचा एक अलिखित दंडक आहे: संशयितांची यादी किमतीच्या उतरत्या क्रमाने लावायची. अव्वल आरोपी हेड गॅस्केट. रेडिएटरात बुडबुडे येतात का, तेलाच्या गजावर दुधाळ साय दिसते का, ही त्याची लक्षणे त्यांना मुखोद्गत आहेत आणि ती यथार्थही आहेत. परंतु दोन्ही न दिसल्यास गॅस्केट निर्दोष सुटत नाही, केवळ जामिनावर मुक्त होते. त्यानंतर वॉटर बॉडी, मग थर्मोस्टॅट, जो पूर्वीच्या मिस्त्रीने काढून फेकला असणार याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसते. पाण्याची पातळी, गळका होज पाइप, रेडिएटरच्या जाळीत बसलेला कोंडा आणि न फिरणारा पंखा ही फुकट किंवा स्वस्त कारणे यादीच्या तळाशी असतात. जमलेल्या जनसमुदायासमोर एवढ्या मोठ्या वाफेचे एवढेसे कारण सांगणे त्यांना अप्रतिष्ठेचे वाटते. एका बाबतीत मात्र त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला ते कोणासही हात लावू देत नाहीत, कारण दाबाखाली शंभर अंशांपलीकडे गेलेले पाणी झाकण सैल होताच उसळून तोंडावर येते. त्यांच्या छत्रीने आजवर कित्येक उतावळे हात वेळीच अडवले आहेत.

क्लचची सुनावणी स्वतंत्र होते, तीही इंजिन निवल्यावर. गाडीपुढील पोरे हटवून, हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून चालकाने किंचित रेस देत क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो, गुरगुरत राहिले तर घसरतो. ही कसोटी शास्त्रशुद्ध आहे. परवाच्या व्हॅनचे इंजिन गुरगुरत राहिले, करपल्याचा वास आला, आणि नाझरसाहेबांनी "प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिघेही" असा फैसला सुनावला. क्लच घसरला की इंजिन गर्जते, इंधन जळते, चाके मात्र त्या गर्जनेस जुमानत नाहीत, आणि वेग नसल्याने रेडिएटरला वाराही लाभत नाही. म्हणजे दोन्ही फिर्यादी परस्परांत गुंतलेल्या होत्या, हे त्यांचे प्रतिपादन बिनतोड होते. ते संपेपर्यंत चालकाने मनात व्हॅन विकून टाकली होती.

तेवढ्यात गॅरेजातला पोरगा खाली वाकला. "साहेब, पंखाच नाही फिरून राहिला. वायर निसटली." वायर बसवून त्याने क्लचच्या केबलचा नट ढिला केला, प्लेट झिजत गेल्याने पेडलचा प्ले संपला होता आणि बेअरिंग पाय न लावताही दाबून राहिले होते. "प्लेट बदलावीच लागते, पण आज घरी पोहोचते."

नाझरसाहेब विचलित झाले नाहीत. डायरी उघडून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: "मुद्देमाल, वायर एक, नट एक. आरोपी, पूर्वीचा मिस्त्री, फरार." पंच म्हणून त्या पोराची सही घेतली. पूर्वीचा मिस्त्री म्हणजे त्या पोराचाच बाप, हे नाक्यावर सर्वांस ठाऊक होते. परंतु समन्स निघाल्यावाचून साक्ष देण्याचा प्रघात कुडव्यात नाही.