रीळकाका

रीळकाकांना 'सिनेमाची आवड आहे' असं कोणी म्हटलं की ते चिडतात. आवड काय, ज्याच्या हातात मोबाइल आहे त्या प्रत्येकाला असते. काकांकडे प्रिंट असते. चित्रपटाची गोष्ट त्यांना धड सांगता येत नाही. पण त्याची सोळा एमएमची प्रिंट आधी कुठल्या गावच्या तंबूवाल्याकडे होती, तिच्यावरची हिरवी रेघ कुठल्या गाण्यात सुरू होते आणि दुसरं रीळ संपताना किती फ्रेम तुटल्यात, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. काकू म्हणतात, उठवावं लागत नाही, झोपेतच सांगतात.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि कोथरूडच्या दोन खोल्यांत डबे शिरले. गोल, पत्र्याचे, गंजके. पलंगाखाली डबे, माळ्यावर डबे, शिवणयंत्राच्या जागी प्रोजेक्टर. फिल्मला थंड आणि कोरडी हवा लागते, रंगीत फिल्मला तर फारच. म्हणून निवडक माल फ्रिजमध्ये. पाहुण्यांना नारळाच्या वड्या द्यायला काकूंनी डबा काढावा आणि आत धान्य साठवणुकीवरचा माहितीपट निघावा, हे त्या घरात इतक्यांदा झालंय की काकू आता वड्या बाहेरच ठेवतात.

सकाळी अंघोळीच्या आधी काका डबे हुंगतात. यात विनोद नाही. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत म्हातारी झाली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि व्हिनेगरचा वास येऊ लागतो. मग फिल्म आक्रसते, वाकडी होते, प्रोजेक्टरच्या दातांवर बसेनाशी होते. आणि तिच्या वाफेनं शेजारचा डबाही बिघडतो. म्हणून वास आलेल्या डब्याला ताबडतोब बाल्कनीत हलवलं जातं. "लोणचं घातलंत का हो?" असं समोरच्या वहिनींनी विचारलं की काकू नुसतं "हो" म्हणतात. खरं सांगितलं तर काका तिथे येऊन उभे राहतात आणि वहिनींची भाजी करपते.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा आक्षेप आगीचा होता. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की जुन्या फिल्म पेट घेतात. काकांनी त्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि समजावून सांगितलं, "अहो, सोळा एमएम कोडॅकनं १९२३ साली काढली तीच मुळी लोकांनी घरी बघावी म्हणून. त्यामुळे पहिल्यापासून सेफ्टी फिल्म. पेटते ती जुनी पस्तीस एमएमची नायट्रेट. ती मात्र एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही!" सेक्रेटरींनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात वाळूच्या लाल बादल्या आल्या.

खरेदीला काका रविवारी जुन्या बाजारात जातात, कधी मुंबईला चोरबाजारात. जाताना सर्वांत मळका शर्ट घालतात. मी एकदा सोबत गेलो होतो. नटबोल्ट, फुटके कंदील आणि एका पायाचा नटराज यांच्यामध्ये तीन डबे होते. काकांनी आधी कंदिलाचा भाव केला, मग नटराजाचा. डब्यांवर पाय ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चल रे, काही नाही इथे." दुकानदारही मुरलेला. तो म्हणाला, "काका, डबे किलोवर देतो, मागच्या खेपेसारखे." म्हणजे मळका शर्ट फुकट मळवला होता.

पण किलोवर हा शब्द ऐकला की काकांचा चेहरा उतरतो. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, आणि तेवढ्या चांदीसाठी आपल्याकडे कित्येक चित्रपट धुऊन संपवले गेले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली. तोवर जे गेलं ते गेलं. १९३१च्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे लेबल नसलेला प्रत्येक डबा काकांच्या लेखी, उघडेपर्यंत, 'आलम आरा'च असतो. मी म्हटलं, "काका, ती पस्तीसवर असणार, नायट्रेटवर. तुमचे डबे सोळाचे." काका म्हणाले, "कुणी हौसेनं सोळावर उतरवून घेतली असेल तर?" त्या दिवशीच्या तीन डब्यांत दोन भाग कुटुंबनियोजनाचे होते आणि एक हातमागाचा.

काकांचा खरा सोहळा कोजागिरीचा. सगळी बिल्डिंग गच्चीवर असते म्हणून त्यांनी खेळासाठी तीच रात्र धरली. वर्षातली सर्वांत उजेडाची रात्र आहे हे त्यांना कोणी सांगू शकलं नाही. गेल्या वर्षी सत्तरच्या दशकातला एक रंगीत तमाशापट होता. पडदा म्हणजे काकूंची ठेवणीतली चादर. काका दिव्याच्या उजेडात फिल्म लावत बसले: दातांवर बसवायची, गेटमधून घ्यायची, वर एक लूप, खाली एक लूप, मग साउंड ड्रमभोवती. खालचा लूप नेमका पडावा लागतो, कारण सोळा एमएममध्ये आवाज चित्राच्या सव्वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सेकंदाहून थोडा अधिक. लूप चुकला की बाई आधी बोलते आणि तोंड मागाहून उघडते. तोवर मसाला दूध थंड झालं आणि मुलं पेंगली.

चित्रपट सुरू झाला आणि सगळं गुलाबी. फेटे गुलाबी, ऊस गुलाबी, बैल गुलाबी. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळा अंश आधी उडतो आणि मागे ही लाली उरते. मुलांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "हिरवा मनात धरायचा." मध्येच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून गेला. थिएटरातल्या ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू कर म्हणून सांगणारी ती खूण, पस्तीसवरून सोळावर उतरताना तशीच आलेली. काकांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी पडद्यावर नायकाचा बाप मेला होता.

सोळाशे फुटांचं एक रीळ चव्वेचाळीस मिनिटं चालतं. अडीच तासांच्या चित्रपटाला चार लागतात. काकांकडे तीन होती. तिसरं रीळ त्यांना कधी मिळालंच नाही. मध्यंतरानंतर त्यांनी दिवा लावला, पडद्यासमोर उभे राहिले आणि गहाळ चव्वेचाळीस मिनिटं तोंडी सांगायला सुरुवात केली. गोष्टीची आणि काकांची ओळख नसल्यामुळे बाप पुन्हा एकदा मेला. खालच्या मजल्यावरच्या आजींनी हा चित्रपट लग्नाआधी तंबूत पाहिला होता. त्यांनी काकांना बसवलं आणि तिसरं रीळ स्वतः पूर्ण केलं, दोन गाण्यांसकट. गच्चीचं मत पडलं की चारांत तेच रीळ उत्तम होतं, रंगही शाबूत होते. काकांनी आजींना एवढंच विचारलं, "तुमच्या प्रिंटवर हिरवी रेघ होती का हो?"

तुमच्या माळ्यावर असा गोल पत्र्याचा डबा पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी जरा हुंगून बघा. आंबूस वास आला तर बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, नाही आला तर थंड, कोरड्या जागी. आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात विचारा. काकांचा पत्ता मात्र मागू नका. तो कोणालाही देणार नाही, असा शब्द मी काकूंना दिलाय.