आठ फेनचं माकड

माझं नक्षत्र श्रवण, आणि पत्रिका जुळवणाऱ्यांच्या कोष्टकात श्रवणाची योनी वानर. लग्न ठरताना दोन्हीकडच्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. पण एका माकडाच्या बाजारभावात मी अधूनमधून डोकावतो, त्यामागे ही भाऊबंदकी असावी.

हे माकड चिनी. १५ फेब्रुवारी १९८० रोजी, तिथल्या नववर्षाच्या आदल्या दिवशी, ते टपालाच्या तिकिटावर आलं. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रावर चीनच्या टपाल खात्यानं काढलेलं हे पहिलंच तिकीट. किंमत ८ फेन. परगावी साधं पत्र धाडायला तेव्हा एवढेच लागत. चित्र ह्वांग योंगयू यांचं. त्यांनी पाळलेलं एक माकड मेलं होतं, त्याच्या आठवणीतून ते उतरलं. हे तिकीट भिंगाखाली बघावं. लालभडक जमिनीवर काळं माकड बसलेलं, आणि अंगावरचा केस न् केस सुटा. ही कोरणाऱ्याची करामत. शाईचा उंचवटा बोटाला लागतो, त्यावरून जाणकार अस्सल-नक्कल ओळखतात. ज्या स्नेह्यानं मला हे दाखवलं, त्यानं भिंग उदारपणे दिलं, बोट मात्र लावू दिलं नाही.

८० तिकिटांचा अख्खा ताव टपालाच्या खिडकीवर ६ युआन ४० फेनला मिळत होता. २०११च्या तेजीत लिलावात त्याच तावाची बोली दहा लाख युआनच्या वर गेली. असे आकडे ऐकले की आपण उगाचच घरातल्या जुन्या ट्रंका उघडून बघतो.

आता माकडाला एवढा भाव का? एक तर नंतरच्या तिकिटांच्या मानानं ते कमी छापलं गेलं. पण मला जास्त पटतं ते दुसरं कारण: त्याला कुणी जपलंच नाही. लोकांनी ते पाकिटावर डकवलं, ख्यालीखुशाली कळवली, आणि वाचणाऱ्यानं पाकीट फेकून दिलं. लाखो तिकिटं अशी इमानेइतबारे कामी आली, म्हणून उरलेल्यांना सोन्याचे दिवस आले.

पुढे सगळेच शहाणे झाले. कोंबडा, कुत्रा, डुक्कर करत पहिलं चक्र १९९१मध्ये मेंढीपाशी संपलं. १९९२ला पुन्हा माकड आलं, तोवर लोक तिकिटं पत्राला न लावता कपाटाला लावत होते. खात्यानंही मागणी बघून छपाईचा हात सैल सोडला. १९९७ साली बाजार असा चढला की बीजिंगच्या युएतान बागेतल्या तिकीटबाजारात खरेदीला झुंबड उडाली. मग तो कोसळला. ताव घेऊन बसलेल्यांचं काय झालं असेल, ते शेअरबाजारात पोळलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही काकांना विचारावं.

तरी हौस जात नाही. २०१६मध्ये चौथ्या चक्राचं माकड काढायला खात्यानं नव्वदी ओलांडलेल्या ह्वांग योंगयूंनाच बोलावलं आणि टपाल कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. त्यातल्या एका तिकिटावर आईच्या कुशीत दोन पिल्लं होती. दोन अपत्यांची मुभा नुकतीच मिळाली होती, त्यामुळे चर्चेला ऊत आला. भाव आधी चढले आणि पुढे उतरले. २०२३ला त्यांनी निळा ससा काढला: लाल डोळे, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात कागद, चेहऱ्यावर मिस्कील हसू. निम्म्या लोकांना तो सैतान वाटला. मला तो शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी वाटतो, नोटीस लिहायला बसलेला. त्याच वर्षी जूनमध्ये ह्वांग गेले.

गंमत अशी, की १९९०नंतरची ढिगानं छापलेली कितीतरी चिनी तिकिटं आज बाजारात छापील किमतीपेक्षा स्वस्तात मिळतात. व्यवहारी माणसं ती सवलतीत घेतात आणि पाकिटा-पार्सलांवर मुकाट चिकटवतात. गुंतवणूक म्हणून जपलेला उंदीर, बैल, वाघ अखेर टपाल वाहायच्या कामाला लागतो. खप असाच चालू राहिला तर त्यांनाही कधीतरी भाव येईल. पण त्यासाठी आधी लोकांनी पत्रं लिहायला हवीत.

तेव्हा वाचकहो, निळा ससा आवडला असेल तर जरूर घ्या. नातवाच्या शिक्षणासाठी मात्र बँकेत आवर्ती ठेव उघडा.