इश्यू, तुला अनावृत पत्र

इश्यू,

मायन्यात 'सप्रेम नमस्कार' लिहिलेला नाही, कारण तुझ्याविषयी प्रेम उरलेलं नाही. आमच्या घरांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत तू जे जे झाकून ठेवलं आहेस, त्याचा जाब चारचौघांत विचारायचा म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

तू ऐरागैरा असतास तर इतका राग आला नसता. 'बाहेर जाणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तू निघालास, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलास, आणि बाहेर जे जे पडतं ते तुझं झालं. छापखान्यातून निघतो तो अंक, कंपनी बाजारात आणते ते शेअर, कचेरीतून मिळतो तो दाखला. पोटी जन्मलेलं मूलही तूच. या शेवटच्या अर्थाने तर तू एक राजगादी फिरवलीस. १७०१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गादीच्या वारसाचा कायदा केला, तेव्हा राजकन्या ॲनचा ११ वर्षांचा मुलगा आदल्याच वर्षी गेला होता. १७ गर्भारपणं सोसलेल्या त्या बाईच्या पदरी एकही मूल राहिलं नाही. ॲनला आणि तेव्हाच्या राजा विल्यमला 'इश्यू' नसेल तर गादी हॅनोव्हरच्या सोफियाकडे आणि तिच्या वंशजांकडे जाईल, असं कायद्यात लिहिलं गेलं. १७१४ साली ॲन वारली आणि सोफियाचा जर्मन मुलगा पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर बसला. त्या वाक्यात तुझा अर्थ एकच होता आणि कुणालाही तो विचारावा लागत नव्हता.

आमच्या न्यायालयांतही तू नेमकेपणाने वागतोस. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तुझ्यासाठी चौदावा आदेश आहे. तथ्याची किंवा कायद्याची महत्त्वाची बाब एका पक्षाने मांडली आणि दुसऱ्याने नाकारली, की तू उभा राहतोस. वकील म्हणतात, 'इश्यू फ्रेम झाले', आणि पुढचा सगळा पुरावा त्या मुद्द्यांभोवती फिरतो. म्हणजे कोण काय म्हणतो आणि कोण ते नाकारतो, हे ठरल्याशिवाय तिथे तुला जागाच नाही. मग कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यावर तुला होतं काय? बाहेर तर कुणी काही मांडू नये आणि कुणाला काही नाकारावं लागू नये, यासाठीच लोक तुला पुढे करतात.

'पाण्याचा इश्यू आहे.' विहीर आटली, की मोटर जळाली? टँकर आला नाही, की आला आणि एकाच आळीत रिकामा झाला? नळाला पाणी गढूळ येतं, की पाणीपट्टी भरूनही येतच नाही? यातल्या प्रत्येक वाक्याला जबाबदार माणूस वेगळा आहे. तू आलास की ते सगळे सुटतात. मुंबईच्या लोकलची उद्घोषणा याहून बरी. रुळाला तडा गेला, ओव्हरहेड वायर तुटली, सिग्नल यंत्रणेत बिघाड झाला, असं ती निदान सांगते, आणि खोळंबलेल्या माणसाला थांबावं की रिक्षा पकडावी हे ठरवता येतं. पैसे अडकवून बसलेलं ॲप मात्र 'टेक्निकल इश्यू' एवढंच कळवतं. चूक, हयगय, बिघाड, टंचाई, तक्रार, तंटा, तिढा, कटकट, उणीव, दुखणं: या प्रत्येक शब्दाला स्वतःचं काम होतं. तू सगळ्यांना घरी बसवलंस.

आमच्या मावशीला 'हार्टचा इश्यू' झाला. डॉक्टरांनी घाईत म्हटलेले हे दोन शब्द घेऊन सगळं घर फिरत राहिलं. कुणाला वाटलं रक्तवाहिनी बंद झाली, कुणाला वाटलं झडप खराब आहे, आणि मावशीने भीतीने जिना चढणं सोडलं. ठोके मधूनमधून अनियमित पडत होते, एवढंच होतं. ते सांगायला तितकाच वेळ लागला असता.

आणि 'लेडीज इश्यू'. यासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये बारा वर्षं रक्त जाणारी एक बाई येशूच्या मागून येऊन त्याच्या वस्त्राच्या काठाला हात लावते. तिच्या दुखण्याला तिथे तुझंच नाव आहे, पण सोबत रक्ताचा उल्लेख आहे. मराठी बायबलने सरळ 'रक्तस्राव' लिहिलं. युरोपातले जुने वैद्य तर रोग्याच्या अंगावर मुद्दाम जखम करत, ती भरू नये म्हणून तिच्यात वाटाणा ठेवत, आणि त्या वाहत्या जखमेलाही इश्यू म्हणत. उपचार चुकीचा होता, पण काय वाहतंय हे उघड दिसत होतं. आज तुझ्याआड बाया काय काय दडवतात, तुला माहीत आहे? अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, लघवीची जळजळ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त. पाळी गेल्यानंतरचं रक्त कर्करोगाचं लक्षण असू शकतं. ते वेळेवर तपासायलाच हवं. घरी पुरुषांसमोर बोलायची लाज आमच्यात आधीपासून होती, हे खरं. तू त्या लाजेला इंग्रजी पदर दिलास आणि ती सुशिक्षित दिसू लागली.

'त्या दोघांमध्ये जरा इश्यूज आहेत.' हे वाक्य बोलून नातेवाईक चहाचा कप खाली ठेवतात. पटत नाही, की तो दारू पितो? सासूशी खटके उडतात, की तो हात उचलतो? २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने छळाचे प्रकार नाव घेऊन सांगितले: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक. मुलीच्या आईबापांनी त्यातलं एक नाव उच्चारलं तर त्यांना काहीतरी करावं लागतं. तुला उच्चारून ते पुढच्या विषयाकडे वळू शकतात. मार खाणारीला तू मदत केलेली मी एकदाही पाहिलेली नाही.

लग्नाच्या जाहिरातींतला तुझा जुना वावरही मला खुपतो. तिथे घटस्फोटितेपुढे 'नो इश्यू' छापतात, मराठीत 'विनापाश'. मुलाला पाश म्हणणारा आमचा शब्दही वाईटच, तो मी तुझ्या माथी मारत नाही. 'मूल नाही' हे दोन शब्द जाहिरातीत सहज मावतात.

तू कोर्टात राहा. शेअर बाजारात राहा. दवाखान्यातून आणि आमच्या माजघरातून मात्र नीघ. 'लेडीज इश्यू आहे' म्हणत एखादी बाई ओपीडीत खाली मान घालून बसली, तर समोरच्या डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी तुझ्यावर थांबू नये. पडदा ओढून विचारावं: अंगावरून जातंय का? किती दिवस झाले? लाल की पांढरं? पाळी चालू आहे की गेली? दुखतं कुठे? एवढं विचारलं की ती सांगते.

तक्रारदार,
एक मराठी भाषक