सिनियर वकीलसाहेबांना दंडवत



आपलं ऑफिस सोडून सात वर्षं झाली. आभार मानायला उशीर झाला, क्षमा असावी. परवा शिवाजीनगर कोर्टात नकलेच्या खिडकीपाशी आपली नवी ज्युनियर भेटली. जालन्याकडची मुलगी, चार महिन्यांपूर्वी सनद मिळालेली. "पैशांचं काय ठरलंय?" मी विचारलं. "सर म्हणाले, आधी काम शिक, पैसे मागून येतातच." शब्दन् शब्द तोच, साहेब. मला माझं २०१६ साल आठवलं आणि घरी येऊन लिहायला बसले.

पहिले आभार मुलाखतीचे. माझा अर्ज मी नीट टाईप करून आणला होता: मूट कोर्टाचं बक्षीस, जमीन महसूल कायद्यातले गुण, सगळं. आपण तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवलात आणि दोनच प्रश्न विचारलेत. घरात कोणी वकील आहे का? गाडी चालवता येते का? पहिल्याला नाही म्हटलं, दुसऱ्याला हो, आणि आपण मला ठेवून घेतलंत. तिसरा प्रश्न मी विचारायचा होता, महिन्याला किती देणार. तो राहून गेला, आणि त्याची किंमत आपण दोन वर्षं वसूल केलीत. आता लॉ कॉलेजातली मुलं सल्ल्याला आली की मी हेच आधी सांगते. जीभ अडखळली तरी विचारा, आणि पहिल्याच दिवशी विचारा.

गाडीचा प्रश्न का होता, तेही आपल्या कृपेने लवकर कळलं. चिरंजीवांना क्लासला सोडणं, बँकेत चेक टाकणं, वहिनीसाहेबांचे ब्लाऊज शिंप्याकडून आणणं. पुरशीस कशी लिहायची, वकीलपत्राला वेल्फेअरचं तिकीट कुठे लावायचं, रोजनामा कसा वाचायचा, हे मात्र आपल्या वृद्ध कारकूनकाकांनी शिकवलं. त्यांनाही आपण तुटपुंजंच देत होतात, तरी रोज संध्याकाळी अर्धा तास ते माझ्यासाठी थांबायचे. आपल्या ऑफिसात मला गुरू भेटला, हे खरं आहे आणि मी ते विसरणार नाही.

सहा महिने काहीच नाही. मग दरमहा अडीच हजार, "पेट्रोलला ठेव" म्हणून. माझ्या कॉटचं भाडं चार हजार होतं. वडील सोयाबीनची पट्टी आली की पाठवायचे, म्हणून मी टिकले. माझ्याबरोबर आपल्याकडे बीडची एक मुलगी होती. तिचं ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा सरस. मनाई अर्ज असा लिहायची की एक ओळ काढता येत नसे. तिच्या घरी पट्टी येत नव्हती. आठव्या महिन्यात ती गावी गेली ती परत आलीच नाही. आपण तेव्हा म्हणालात, या मुलांमध्ये चिकाटीच नसते. साहेब, ज्यांच्या घरून पैसे येतात तेच वकिलीत उरतात, याला चिकाटी हे नाव आपण दिलंत.

आणि त्या उलटतपासाचे आभार कसे मानू? तलाठी साक्षीला होता. रात्री दोनपर्यंत बसून मी त्रेचाळीस प्रश्न काढले. फेरफाराच्या नोटिशीवर ज्यांची सही होती, ते गृहस्थ त्या तारखेच्या अकरा महिने आधी वारले होते. मृत्यूचा दाखला आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवल्यावर मला ते दिसलं. सकाळी आपण माझा कागद हातात घेऊन उभे राहिलात आणि एकोणिसाव्या प्रश्नाला साक्षीदाराला घाम फुटला. पक्षकार आपल्या पाया पडला. रोजनाम्यात आपलं नाव आलं. माझं ना वकीलपत्रावर होतं, ना हजेरीत. बाहेर आल्यावर आपण म्हणालात, "कोर्ट नंबर सातमध्ये मुदतीचा अर्ज देऊन ये." मी गेले, आणि जिन्यात थांबून रडले.

आपण नेहमी बाबासाहेबांचा दाखला द्यायचात. एवढ्या मोठ्या माणसालाही सुरुवातीला उपास घडले, म्हणायचात. खरं आहे. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा जातीमुळे सॉलिसिटर मंडळी त्यांना ब्रीफ देत नव्हती. बॅरिस्टर असून त्यांना बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. ती आपल्या धंद्याच्या कपाळावरची लाज आहे, साहेब. ज्युनियरला उपाशी ठेवायची परंपरा म्हणून तिचा दाखला देऊ नका.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं. ज्युनियरला शहरात दरमहा किमान वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, असं. शिफारस आहे, बंधन नाही. एवढी एक पळवाट आपल्याला पुरली.

आता तर आपला मान आणखी वाढला आहे. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. त्याचा दाखला कोर्टाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देऊ शकतात, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेला वकील, त्यावर त्याच अधिकाऱ्यांच्या शिक्कामोर्तबासह. जालन्याच्या मुलीला न्यायाधीश व्हायचंय. ती मला म्हणाली, "पैशांचं बोलले आणि सरांनी दाखला दिला नाही तर?" तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

मी तिला एक डायरी घेऊन दिली. रोजची तारीख, दाव्याचा नंबर, कोणत्या कोर्टापुढे काय केलं, सगळं तीत लिही म्हटलं. प्रत्येक वकीलपत्रावर स्वतःचं नाव घालायचा आग्रह धर, उभी राहशील तिथे हजेरी नोंदवून घे. दाखल्याला तुझं काम साक्ष असू दे.

आपल्याला मात्र हात जोडून विनंती आहे. येत्या सोमवारी तिनेच लिहिलेला मनाई अर्ज युक्तिवादाला आहे. आपण शेजारी बसा आणि तिला उभं राहू द्या. आणि एक तारखेला तिच्या हातात पैसे ठेवा. बीडच्या मुलीला द्यायचे राहिले, तेही अजून देता येतील. तिचा पत्ता माझ्याकडे आहे.

आपली,
एकेकाळची ज्युनियर