कर्नलमधली चूक

लिनक्सच्या कर्नलमधली चूक मला सापडली, हे मी घरात जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, "त्यांना कळवलंस का?" म्हटलं, आधी दुरुस्त करतो, मग कळवतो. जगभरची हजारो माणसं ज्या कोडवर नजर ठेवून असतात, त्यातली चूक नेमकी मलाच दिसावी, याचं मला काडीचंही आश्चर्य वाटलं नव्हतं. तिला वाटलेलं दिसलं.

प्रकरण असं, की रास्पबेरी पाय २ वर मी स्वतः बांधलेला कर्नल चढवत होतो. जीपीआयओ पिना हाताळणारी रजिस्टरं तिथल्या प्रोसेसरला ३एफ२००००० या पत्त्यावर दिसतात. पहिल्या पायमध्ये ती २०२००००० वर होती. पुढे रॅम १ जीबी झाली, तिने ती जागा घेतली आणि रजिस्टरं वर सरकली. एवढं मी वाचून ठेवलं होतं, घात त्यानेच केला. कारण डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कुठलं यंत्र कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फायलीत, लिहिलं होतं ७ई२०००००. मी ते खोडून ३एफ केलं. गिटमध्ये 'चुकीचा पत्ता सुधारला' अशी नोंदही केली. इंग्रजीत आणि अंमळ तोऱ्यात.

बोर्ड चालू केला. सिरीयल कन्सोलवर अक्षर उमटेना. टीएक्स-आरएक्स उलटसुलट करून पाहिले, तपकीर गल्लीतून नवी केबल आणली (पार्किंगचं पुराण वेगळंच), एसडी कार्ड बदललं. माझी दुरुस्ती सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

शेवटी बूटच्या ओळीत अर्लीकॉन (ड्रायव्हर जागा होण्याआधीच कन्सोलवर लिहिण्याची सोय) घातलं, तेव्हा कर्नलला कंठ फुटला. जीपीआयओचा ड्रायव्हर म्हणत होता, 'कुड नॉट गेट आयओ मेमरी'. पिनाच नाहीत म्हटल्यावर सिरीयल पोर्ट ताटकळला, एसडी कार्डही त्याच रांगेत.

माझी मावशी माहेरची सुमन, सासरची शालिनी. सासरी कुणी सुमनला विचारलं, तर शेजारी दार लावून घ्यायचे. या चिपमध्ये तेच आहे. बसच्या बाजूने रजिस्टरांचा पत्ता ७ई, प्रोसेसरच्या बाजूने ३एफ. डिव्हाइस ट्रीत माहेरचंच नाव लिहायचं. 'रेंजेस'ची ओळ सांगते, की ७ई०००००० पासूनचा १६ एमबीचा पट्टा ३एफ०००००० पासून धरा. मी थेट शालिनी लिहिलं, आणि माहेरच्या यादीत शालिनी कुठून असणार? (ड्रायव्हर आयओरीमॅप करून तिसरंच नाव घेतो, पण ते लाडाचं.) रेंजेसची ती ओळ मी अनेकदा पाहिली होती, पण काही तरी औपचारिक असेल म्हणून सोडून दिली होती.

दुरुस्ती मागे घेतली, बोर्ड सुरळीत चालू झाला. आता शहाणपण आलं होतं. अर्लीकॉनच्या ओळीत सिरीयल पोर्टचा पत्ता अजून ३एफ२०१००० होता, तोही मी ७ई करून टाकला. पण त्या ओळीतला पत्ता रेंजेसमधून जातच नाही, तो प्रोसेसरच्या बाजूचाच लागतो. सुरुवातीच्या ओळी पुन्हा गायब. मी आधी केबल बदलून पाहिली.