अलिबागसे आया है क्या? हो, मग!

ऐकलंत का? कालपर्यंत कुणी भोळसटपणा केला की मुंबईत 'अलिबागसे आया है क्या?' म्हणून खिदळायचे. एका अलिबागकराला ते इतकं झोंबलं की २०१९मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. विनोद सगळ्यांवरच होतात, म्हणत न्यायालयानं याचिका फेटाळली. थोडी कळ काढायला हवी होती हो! आता सोमवारी सकाळी बडी मंडळी मान ताठ करून सांगतात, "आत्ताच अलिबागहून येतोय!"

२०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली नि ताळतंत्रच सुटलं. तासाभरात मोटार, मुलं आणि कुत्रं, सगळा लवाजमा बोटीतून उतरतो. थळला शाहरुख, झिराडला विराट-अनुष्का. मग बाकीच्यांना दम कसा निघणार? शेतजमीन घ्यायची तर कायद्यानं शेतकरी असावं लागतं, म्हणून जन्मात चिखल न तुडवलेले लोक आजोबांचा सातबारा शोधत फिरताहेत. ते न जमणारे एनए प्लॉटवर भागवतात. भात निघाल्यावर जिथं पांढरा कांदा लागायचा, तिथं आता निळंशार पाणी भरलेली टाकी. समुद्र हाकेवर, तरी पोहायचं टाकीत! आणि कांद्याची माळ? ती दिवाणखान्यात, शोभेला.

कहर म्हणजे ते फाटक. ज्याची वाडी होती त्यालाच पहारेकरी विचारणार, "कुणाकडे जायचंय? वहीत नाव लिहा."

आता नवी टूम, गच्चीतून बेट दिसायला हवं. २०२५मध्ये खांदेरी युनेस्कोच्या यादीत गेली, म्हणजे दलालांना आयतंच कोलीत. "साहेब, जागतिक वारसा थेट बेडरूममधून!" त्या वारशात शेजाऱ्यांची हाणामारी भरलीय, हे कोण सांगणार? १६७९मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, इंग्रज आडवे आले, हात हलवत परतले. तर पुढच्याच वर्षी सिद्दी शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून बसला. सोसायटीच्या सभेत याहून वेगळं काय होतं?

कुलाबा किल्ल्याकडे मात्र अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. ओहोटीला चालत जा, भरती आली की वाट बंद. चिरीमिरी चालत नाही. आत गोड्या पाण्याची विहीर, आंग्र्यांच्या काळातला गणपती. मेंटेनन्सही नाही! पण हळू बोला, पलीकडच्या टेबलावर दलाल बसलाय.