कष्टाळू, प्रामाणिक व उगवणक्षम

जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्याची पिशवी उलटी करून मागचं लेबल वाचायची सवय जिल्ह्याला लागली. पीक, वाण, लॉट नंबर, उगवणक्षमता, शुद्धता, चाचणीची तारीख, मुदत. 1966 च्या बियाणे कायद्यामुळे हे छापावंच लागतं. ‘अत्यंत होतकरू बियाणे, कोणत्याही जमिनीत जुळवून घेईल, एकदा संधी द्यावी’ एवढंच छापलेली पिशवी भोकरदनचा शेतकरी हातातही धरणार नाही. त्याच शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा मात्र नोकरीच्या अर्जात नेमकं हेच लिहितो. मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड. छंद: वाचन, क्रिकेट, प्रवास. नाव झाकलं तर हा अर्ज कोणाचा, हे त्याच्या आईलाही ओळखता यायचं नाही.

याचं मूळ शाळेत आहे. पहिला अर्ज आपण रजेचा लिहितो: ताप आला, तरी कृपा करावी. पदवीनंतर ताप जाऊन बेरोजगारी येते, कृपा तेवढी जागेवर राहते. पण एमआयडीसीतल्या स्टील कारखानदाराला कृपा करायची हौस नसते. वजनकाट्यावर ट्रक उभा असताना ई-वे बिल न चुकवता काढणारा माणूस त्याला हवा असतो. बीकॉम झालेल्या मुलाने दोन हंगाम अडतीवर वजनपावत्या आणि बिलं सांभाळलेली असतात, पण ते ‘घरचं काम’ म्हणून अर्जात येत नाही. एमएस-सीआयटी मात्र ठळक अक्षरांत येते. याहून नवल बीजोत्पादनाच्या प्लॉटवरचं. कपाशीच्या क्रॉसिंगला संध्याकाळी जायचं, उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर काढायचे, खूण करायची आणि सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे. पुंकेसर मागे राहिले की शुद्धतेचा प्रश्न आलाच. कॉलेज सांभाळून हे करणारी घनसावंगीकडची बीएस्सी मुलगी बियाणे कंपनीलाच अर्ज करते आणि त्यात लिहिते, ‘अनुभव: निरंक’!

यावर कोणी म्हणेल, अर्ज वाचतो कोण, इथे ओळख चालते. चालते, नाकारण्यात अर्थ नाही. पण ओळखीचे मामासुद्धा शेवटी ‘बायोडाटा पाठव’ असंच म्हणतात आणि ‘आपलाच मुलगा आहे’ एवढी ओळ जोडून तो पुढे ढकलतात. त्यापुढे बोलायचं ते त्या कागदानेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आम्हाला सरकारीच नोकरी हवी. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाला शुल्क होतं 1,000 रुपये. तिथे शब्दांची कमाल दाखवायला रकानाच नसतो. नाव प्रमाणपत्राबरहुकूम भरलं आणि पैसे कापले गेले की साहित्यसेवा संपली. तेव्हा केलेलं काम अर्जात लिहिण्याचा उपदेश तिथे लागू नाही, हे मान्य. मात्र निकालाची वाट बघता बघता खासगीतही अर्ज जातातच, आणि ते मित्राच्या बायोडाटावरचं नाव बदलून जातात.

खरं तर नीट लिहिण्याची शिकवण या जिल्ह्याला परकी नाही. जांबेत जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिला आहे. ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, हा त्यांचा आग्रह. आपल्या बायोडाटात एका पानावर तीन फॉन्ट नांदतात आणि दुसऱ्या परिच्छेदात मागच्या कंपनीचं नाव तसंच राहतं. नेटकॅफेवाल्याला दोष देऊ नका. तो झेरॉक्सचेच पैसे घेतो, विचाराचे नाही. अनुभवच नसेल तर काय लिहावं, असं विचारणाऱ्याने गेल्या उन्हाळ्यात केलेली कामं आधी कागदावर मांडावीत. नसलेलं मात्र लिहू नये. ‘इंग्रजी अस्खलित’ या दोन शब्दांची परीक्षा मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला होते, आणि तिथे मामा नसतात.

तेव्हा पदवीधरहो, केलेलं काम आधी लिहा, गुण मागून. ‘किंग ऑफ जालना’ असा ई-मेल असेल तर नवा काढा. आणि अर्जावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, एवढं बघूनच पाठवा.